बोटीच्या नावाचं खातं

निघायच्या दिवशी माणसं बॅगा भरतात. मी सरावलीला दादाच्या घरी त्याच्या कॉम्प्युटरपुढे बसलो होतो आणि दारात जीप उभी होती. तारापूरच्या रंगाच्या कारखान्यातली नोकरी आणि घरच्या मासेमारीच्या बोटीवरची सुट्टीच्या दिवसांतली जागा सोडून मी हॉलंडला चाललो होतो, आणि विमानापेक्षा मला चिंता होती ती न्यूजरीडरची.

आपल्या किनाऱ्यावरून परदेशी गेलेल्या काही जणांनी तेव्हा इंटरनेटवर एक न्यूजग्रुप चालवला होता. गावच्या फळ्यासारखाच तो, कोणीही लिहावं आणि सगळ्यांनी वाचावं. फक्त तो वाचायला न्यूजरीडर नावाचं वेगळं सॉफ्टवेअर लागायचं. मी तीन सॉफ्टवेअर घालून पाहिली. पहिल्यात बटणंच इतकी की दादा म्हणाला, "ह्या काय वीजघर हाय?" तेव्हा इंटरनेट फोनच्या लाइनीवरूनच यायचं, आणि दुसरं वाचून होईपर्यंत ती लाइन अडवून बसायचं. तिसरं सगळे निरोप एका दमात उतरवून घ्यायचं आणि लाइन सोडायचं. मग निवांत वाचा, उत्तर लिहा, पुन्हा जोडा. तेच ठेवलं.

सर्व्हरचा पत्ता भरला, पासवर्ड भरला. नावाच्या रकान्यात दादाचं नाव टाकणार, तर त्याने हात धरला. "माजा नाव कशाला? बोटीचा टाक. घिवलीत आपल्याला दुसऱ्या नावाने कोन वळखतो?" खरंच होतं ते. घिवली आमचं मच्छीमारांचं गाव, तिथे घर बोटीच्या नावानेच ओळखलं जातं. मी 'सागरकन्या' टाइप केलं. जाता जाता नकोशा जाहिराती लपवायची यादीही दाखवली. त्यात एखादं नाव टाकलं की त्या नावाने आलेलं काहीच दिसत नाही. आई जीपपाशी येऊन एवढंच म्हणाली, "लिवत ऱ्हा."

पहिले काही महिने मी लिहिलं. हॉलंडमधल्या खोलीत तेच न्यूजरीडर घातलं होतं. रोमन अक्षरांतली आपली बोली वाचताना भात शिजेपर्यंतचा वेळ बरा जायचा. मग एकदा मी ट्यूलिपच्या बागेबद्दल कौतुकाने लिहिलं आणि खाली दादाचं उत्तर आलं, सगळ्यांसमोर: "आमच्या बोटीवर एक मानूस कमी हाय. तो फुलां बगत फिरतो." कुवेतपासून मस्कतपर्यंत सगळे हसले. माझं डोकं फिरलं. मी ती यादी उघडली आणि जाहिरातवाल्यांच्या खाली 'सागरकन्या' लिहून टाकलं. आपण एका माणसाचं नव्हे, अख्ख्या घराचं तोंड बंद करतोय, हे रागात सुचलंच नाही.

तीन आठवडे घरचं काही दिसलं नाही. चार दिवसांनी राग उतरला, यादी मात्र विसरलो. दादा फुगलाय, फुगू दे, असं मनाशी म्हणत राहिलो.

मग एका रविवारी सकाळी ग्रुप उघडला तर सगळीकडे एकच सूर. "धीर सोडू नका." "वारा पडला की लागतील किनाऱ्याला." "काकांसाठी नारळ बोललो आहे." कोण काका? कोणाची बोट? मूळ निरोप कुठेच नव्हता. उत्तर देताना जुना मजकूर कापून टाकायचा, म्हणजे लाइन लवकर सुटते, ही शिस्तही सगळ्यांना मीच लावली होती. सरावलीला फोन लावला, एंगेज. पुन्हा लावला, एंगेज. घिवलीच्या घरी फोनच नव्हता. दादाची लाइन पुन्हा पुन्हा अडायला एकच कारण होतं. तो सारखा ग्रुपला जोडत होता, निरोप पाठवत होता, आणि मला ते दिसत नव्हतं.

तेव्हा यादी आठवली. नाव पुसलं. सगळे निरोप पुन्हा मागवले आणि निळी पट्टी पुढे सरकताना पाहत बसलो. एवढी भीती मला समुद्रावरही कधी वाटली नव्हती.

अकरा निरोप होते. सगळ्यात जुना, भांडणानंतरच्या दुसऱ्याच दिवसाचा, दादाचा: "मस्करी केली, राग मानू नको. बाबांना आता नीट दिसत नाय, तरी तुज्या जागेवर बोटीवर जायाचा म्हनतात. माजा ऐकत नाय. तुजा ऐकतील. एक ओळ लिव." पुढे तेच पुन्हा, आणखी एकदा. मग वहिनीचा: बाबा बोटीवर गेले. बोट आली नाही. दादाकडून लिहून घेतलेला आईचा: "राग धर, पन वाचीत जा." आणि अगदी शेवटचा, काही मिनिटांपूर्वीचा: बोट सातपाटीच्या बंदराला लागली, सगळे जिवंत आहेत. बाबांना दोर दिसला नाही, उजव्या हाताची दोन बोटं गेली.

मी टेबलावर डोकं टेकून रडलो. मग उत्तर लिहिलं: "इथला सर्व्हर बंद होता. आत्ताच सगळं मिळालं."

ग्रुप केव्हाच बंद झाला. आता घरच्या सगळ्यांच्या हातात फोन आहेत, आणि मी दर वर्षी येतो. बाबा होते तोवर जेवताना घास तीन बोटांनी उचलायचे आणि मी ताटात बघत राहायचो. वहिनी पाहुण्यांना अजून सांगते, त्या वेळी नेमका हॉलंडचा सर्व्हर बंद पडला, नाहीतर याने बाबांना थांबवलं असतं. सगळे माना डोलावतात. इतक्या वर्षांत घर म्हटलं की मला ती डोलणारी माणसं दिसतात, माझ्यावर एवढा विश्वास ठेवणारी.

दादा, सर्व्हर चालू होता.