माईकवरचं नाव

"वन्सं, आबा आता लग्नालाबी जात न्हाईत," असं वहिनी फोनवर म्हणाली आणि कणीक मळता मळता माझा हात थांबला. आबांना ताप आलाय म्हणाली असती तर मी एवढी घाबरले नसते.

आबा म्हणजे माझे वडील. वरकुट्याच्या पलीकडं आमचं गाव. तिथं ते दोनदा सरपंच झाले, मधे गावच्या विकास सोसायटीत होते, आणि कुठल्याच पदावर नव्हते तेव्हाही लोक त्यांना सरपंच म्हणूनच हाक मारायचे. गेल्या निवडणुकीत पडले. चांगलेच पडले. पण त्याचं त्यांनी फार मनाला लावून घेतलं नाही. "लोकांनी पाडलं, लोकांचंच काम हाय ते," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी उसाला पाणी द्यायला गेले.

खरं दुखणं पुढं एका लग्नात निघालं. आमच्या इंदापूर-बारामतीकडं अक्षता पडायच्या आधी माईकवरून पाहुण्यांची नावं घेतात. अमक्या गावचे सरपंच, तमक्या संस्थेचे संचालक, आशीर्वाद द्यायला उपस्थित आहेत. नवरा-नवरी घामानं निथळतात, भटजी घड्याळ बघतात, पण नाव कुणाचं गळता कामा नये. ज्याचं गळलं तो जेवायला थांबत नाही आणि वर्षभर बोलत नाही. आबा सवयीनं पहिल्या रांगेत सोफ्यावर बसले होते. त्यांच्या मांडीवर खेळलेल्या एका पोराचं नाव आलं, त्यांचं आलं नाही. अक्षता टाकल्या आणि न जेवता घरी आले. तेव्हापासून गोठ्यापुढच्या बाजेवर बसून असायचे. कुणी आलं तर आतून 'घरात न्हाईत' म्हणून सांगायला लावायचे.

"त्यांना कसंबी करून माणसात आणा," वहिनी म्हणाली. "न्हायतर ह्यो माणूस असाच बसून बसून जायाचा."

मी बारामतीत राहते. आमच्या कॉलनीपासून जवळ एक बाग आहे. तिथं मे महिन्यातल्या शनिवारी संध्याकाळी गाण्याचे कार्यक्रम असतात. ऊन कललं की हिरवळीवर पाणी मारतात, एका टोकाला छोटं स्टेज, आणि कुणीही यावं, बसावं, ऐकावं. तिकीट नाही, पास नाही. एका शनिवारी भावगीतं, एका शनिवारी अभंग, कधी नुसती बासरी. आबांना गाण्याचं वेड. मला वाटलं, हेच औषध. त्यांना शनिवारी बोलवायचं, गाणं ऐकवायचं, रविवारी मटण खाऊ घालून पाठवायचं. नवरा म्हणाला, "फुकट ते पौष्टिक. ने की." एवढा सोपा बेत होता.

मी आबांना फोन लावला.

"पत्रिका आलीया का?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"पत्रिका नसती आबा त्याला. सगळ्यांसाठी असतंय."

 मग म्हणाले, "सगळ्यांसाठी म्हंजी आपल्याला बोलावलेलं न्हाय. बोलावल्याबिगर कोण जातं गं?"

मी कपाळाला हात लावला. जन्मभर बोलावणं आल्याशिवाय हा माणूस कुठं गेलेला नाही. बोलावणं नाही म्हणजे तिथं जाणं नाही, मग ते गाणं असो नाहीतर जेवण. नवऱ्याला सांगितलं तर तो हसून म्हणाला, "सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही." मी म्हटलं, "तुमच्या घरात सुंभ तरी होता का कधी?" दोन दिवस आमचं धड बोलणं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी जे केलं ते मला अजून धड सांगता येत नाही.

त्या कार्यक्रमांचं निवेदन करणारा तरुण आमच्या कोपऱ्यावरच चष्म्याचं दुकान चालवतो. मी दुकानात गेले. उगाच दोन-चार फ्रेमा डोळ्याला लावून बघितल्या. गिऱ्हाईक गेल्यावर म्हटलं, "दादा, एक काम होतं. माझे वडील येणार आहेत शनिवारी. माजी सरपंच आहेत. माईकवरून त्यांचं नाव घ्याल का? नुसतं नाव."

तो अवघडला. म्हणाला, "ताई, यंदा कुणाचंच नाव घ्यायचं नाही असं ठरलंय आमचं. गेल्या वर्षी सत्कार एवढे झाले की बासरीवाले बिचारे ताटकळले."

एवढं ऐकून मी उठायला पाहिजे होतं. मी उठले नाही. त्या लग्नातलं सगळं त्याला सांगितलं. आबा बाजेवर कसे बसतात, जेवत कसे नाहीत, सगळं. आपल्या बापाचं दुखणं मी एका परक्या माणसापुढं भाजीसारखं पसरून ठेवलं आणि वर डोळ्यांत पाणी आणलं. ते पाणी खरं होतं, पण ते कधी यावं हे मला ठाऊक होतं. तो म्हणाला, "बघतो, काय करता येतं ते."

घरी आल्या आल्या मी आबांना फोन केला. "आबा, तुमाला बोलावणं आलंय. निवेदकानं सोताहून इच्यारलं, सरपंच येत्याल का म्हणून."

"मला? बारामतीत?"

"व्हय."

"त्याला कसं ठावं मी?"

"तुमाला कोण वळखत न्हाय आबा," मी म्हटलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

शनिवारी आबा यष्टीनं आले. दाढी करून, केस कापून. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, नवी टोपी. चहा घेताना खालच्या आवाजात मला म्हणाले, "दोन शब्द बोलायची येळ आली तर काय बोलावं? गाण्यावर बोलावं का पाण्यावर?" मी त्यांच्यापुढं बिस्किटं सरकवली. म्हटलं, "बघू की आबा, तितं गेल्यावर." नवरा माझ्याकडं बघत होता. त्याला मी काहीच सांगितलं नव्हतं, पण तो काय दूधखुळा नाही.

आबा आणि मी बागेत गेलो. आबा ताठ चालत सरळ स्टेजकडं निघाले. तिथं पांढऱ्या कापडाच्या थोड्या खुर्च्या होत्या. गळ्यात कार्ड अडकवलेल्या एका मुलीनं त्यांना थांबवलं. "आजोबा, त्या वादकांच्या घरच्यांसाठी आहेत. तुम्ही इथं बसा ना, हिरवळीवर." चांगलं बोलली बिचारी. पण आबांचा पाय उचललेला तसाच राहिला. आजूबाजूचे लोक बघत होते. आणि खरं सांगते, त्या वेळी मला आबांची लाज वाटली. त्या कडक टोपीची, त्या ताठ चालण्याची. मी त्यांचं मनगट धरलं आणि लहान पोराला ओढावं तसं मागं ओढलं.

मधेच कुठंतरी जागा मिळाली. शेजारी लोणी भापकर गावची एक म्हातारी लेकीबरोबर आली होती. तिनं आपली चादर सरकवून आबांना जागा दिली आणि विचारलं, "ऊस किती हाय?" बास, आबांचं तोंड उघडलं. कुठलं बेणं, पाणी कितवं, तोड कधी आली. म्हातारीनं पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढल्या. आबांनी मांडी घातली, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि शेंगा फोडायला लागले.

मग गाणं सुरू झालं. एका बाईनं अभंग धरला. आबांचा हात मांडीवर ताल धरायला लागला. डोळे मिटलेले. दुसरा अभंग संपला तेव्हा माझ्याकडं झुकून म्हणाले, "म्होरं बसल्यावर गाणं ऐकू येत न्हाय गं. समदी आपल्याकडं बघत्यात म्हणून नुसतं नीट बसायचं. कोण आलं तर उठायचं, हार घालायला उठायचं. आज पयल्यांदा गाणं पुरं ऐकलं."

एवढंच तर पाहिजे होतं. माझे आबा माणसांत बसले होते. गवतावर, शेंगा खात, कुणाच्याही बोलावण्याशिवाय. आणि त्याच क्षणाला मला चष्म्याचं दुकान आठवलं.

 तो नाव घेणार होता. मीच सांगितलं होतं. त्याला थांबवायला पाहिजे. "पाणी आणते," म्हणून मी उठले आणि लोकांचे पाय तुडवत स्टेजच्या बाजूला गेले. तिथं दोरी बांधलेली होती, पलीकडं सोडेनात. निवेदक पडद्याशी उभा होता. मी हात वर करून जोरजोरात हलवला. नको, नको म्हणून. त्यानं माझ्याकडं बघितलं, ओळखलं, हसला, आणि अंगठा वर करून मान डोलावली.

त्याला वाटलं, मी आठवण करून द्यायला आलेय.

मी परत येऊन आबांशेजारी बसले, तोवर तो माईकवर आला होता. "खरं तर यंदा आपण कुणाचं नाव घेत नाही," तो म्हणाला, "पण आज एक अपवाद. एका कन्येनं अतिशय कळकळीनं विनंती केलीय. तिचे वडील, इंदापूर तालुक्यातले माजी सरपंच, गेले काही दिवस मनानं जरा खचलेत. त्यांना बरं वाटावं म्हणून आपण सगळे जोरदार टाळ्या वाजवू." आणि त्यानं आबांचं नाव घेतलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, जसं मी सांगितलं होतं तसं. "कुठं बसलेत साहेब? जरा उभे राहा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माना वळवून बघायला लागले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मी गवताकडं बघत राहिले. आबा हलले नाहीत. हातातली शेंग त्यांनी फोडली, दाणे काढले, टरफल बाजूला ठेवलं.

"आलेले दिसत नाहीत," निवेदक म्हणाला. "असो." कुणीतरी मागून ओरडलं, गाणं चालू करा. थोडे लोक हसले.

लोणी भापकरच्या म्हातारीनं आबांना विचारलं, "कोण वो हे सरपंच?"

आबा म्हणाले, "असंल कुणीतरी. हौस असती येकेकाला."

पुढचं गाणं कुठलं झालं मला आठवत नाही. आबांचा हात मांडीवर होता, पण ताल नव्हता. जाताना म्हातारीला राम राम केला, टोपी झटकली, डोक्यावर नीट बसवली. घरी आल्यावर जेवले, जावयाशी उसाच्या दराचं बोलले. मला एका शब्दानं काही म्हणाले नाहीत. रागावले असते, चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी भांडी घासता घासता रडले, आणि ते रडणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला.

सकाळी गॅलरीत चहा घेऊन गेले तर तिथंच बसले होते.

"आबा, चुकलं माझं."

"व्हय," ते म्हणाले. कप खाली ठेवला. "लोकांनी मला पाडलं, त्येचं काय वाटलं न्हाय. लग्नात नाव घेतलं न्हाय, ते वाईट वाटलं, पर गिळलं. माझ्यासाठी कुणी हात पसरला न्हवता आजवर. माझ्या लेकीनं पसरला."

 म्हणायला गेलं तर म्हणता आलं असतं की तुमच्यासाठीच केलं. पण ते पुरतं खरं नव्हतं. आबांचं पद गेलं तेव्हा माझंही काहीतरी गेलं होतं. माहेरच्या यष्टीत चढले की कुणीतरी उठायचं, 'सरपंचाची लेक हाय, बसू द्या' म्हणायचं. आता कुणी उठत नाही. चष्म्याच्या दुकानात मी आबांचं नाव मागितलं तेव्हा त्यात माझंही मागून घेत होते. हे मला कुणी सांगायला लागलं नाही, त्या गॅलरीत आपोआप कळलं, आणि त्याची जास्त लाज वाटली.

निघताना पायरीवर थांबून म्हणाले, "फुडच्या शनवारी काय हाय?"

"बासरी."

"येतो मी. एकला येतो. तू नको येऊस."

"बरं," मी म्हटलं.

पुढच्या शनिवारी ते घरी न येता परस्पर बागेत गेले. मला राहवलं नाही. मी पण गेले, पण आत नाही गेले. फाटकाजवळ कुल्फीच्या गाड्यामागं उभी राहिले. आबा दिसत होते. साधा सदरा, इस्त्री नसलेला. लोणी भापकरच्या म्हातारीनं पिशवी ठेवून त्यांची जागा धरली होती. आबा कुणालातरी हातवारे करून काहीतरी सांगत होते आणि ऐकणारे हसत होते. माझ्यापासून फार लांब नव्हते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

मध्यंतरात निवेदक कुल्फी घ्यायला आला आणि मला बघून थबकला. "ताई, त्या दिवशी तुमचे वडील आलेच नाहीत का? मी एवढं नाव घेतलं. आज तरी आलेत ना? सांगा, परत घेतो."

मी आबांकडं बघितलं. ते शेंगा फोडत होते.

"नाही," मी म्हटलं. "आजही आले नाहीत."

"मग पुढच्या वेळी नक्की आणा," तो म्हणाला, आणि कुल्फी घेऊन आत गेला.