रडायचा पिक्चर

उन्हात तापलेल्या प्लॅस्टिकचा वास आला की मला चिखलीतलं, आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेलं कॅसेटचं दुकान आठवतं. पत्र्याच्या त्या खोलीत दुपारी नुसती भट्टी व्हायची, आणि दुकानदार पंखा गिऱ्हाइकांकडे नाही, कॅसेटींकडे वळवून बसायचा. कुणाला कोणता सिनेमा द्यायचा हेही तोच ठरवायचा. सगळी गल्ली ज्याच्यासाठी डोळे पुसत होती तो नवा सिनेमा मी मागितला, तर म्हणाला, “तो तुमच्या शेजारणीले देला, वहिनी. तिले रडायचे पिक्चर लागते. तुमाले हा घ्या, हासायचा.” घरी येऊन मी तो लावला खरा, पण भिंतीपलीकडून तिचे हुंदके ऐकू येत होते आणि इकडे माझा जळफळाट होत होता. तिच्या मनातलं त्याला कळतं, आणि मी काय नुसती दात काढणारी बाई? संध्याकाळी ती कॅसेट त्याच्यापुढे आपटली. “मलेही रडायचाच द्या.” त्यानं पहिल्यांदाच पंखा माझ्याकडे वळवला आणि हळूच विचारलं, “काऊन वहिनी, रडायचाच काऊन पायजे? घरी काही झालं का?” मी फणकाऱ्यानं ‘काही नाही’ म्हटलं आणि माझेच डोळे भरून आले, पण हे त्यानं तिला माझ्याआधी विचारलं असणार, या विचारानं वाटभर पुन्हा जळले. आता फोनवर रडायचे सिनेमे हवे तेवढे मिळतात. एक संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. काऊन, म्हणून कुणी विचारत नाही.