कणकेतला अंगठा

या पेजवरचे भुताखेताचे बरेच अनुभव मी वाचलेत. निम्म्यांत पिंपळ असतो, उरलेल्यांत पांढरी साडी... आणि सांगणारा दर वेळी मित्राच्या मावसभावाचा शेजारी. वाचताना मला भीती कधीच वाटली नाही, कीव मात्र भरपूर वाटली. माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा आहे. कळंबला घराला लागूनच दुकान आहे, शेतातल्या मोटारी मोबाईलवरून चालू करायचे स्टार्टर बनवतो. जिथं वायर नाही तिथं करंट नाही, एवढाच माझा धर्म. तेव्हा हे लिहितोय ते तुमच्या पंगतीत बसायला नव्हे. उत्तर सापडेना म्हणून लिहितोय.

मागच्या वर्षी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, नजरही अंधूक झाली. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना शाबासकी वाटली, घरी आणायला काही उरली नाही. आमचं बोलणं आधीपासूनच कामापुरतं. त्यांची वाचा गेली तरी आम्हा दोघांत काही फरक पडला नाही, असं मी मित्रांना सांगायचो आणि वर हसायचो.

एका दुपारी आई गिरणीवर दळण आणायला गेली. अण्णा एकटेच उठायला गेले आणि पलंग आणि भिंतीच्या मधे पडले. तासभर तसेच पडून होते. मी वीस पावलांवर दुकानात सोल्डरिंग करत होतो, पण हाक मारायची तर आवाज कुठला? आई मला एका शब्दानं बोलली नाही. फक्त त्या दिवसापासून तिनं घराबाहेर पाऊल टाकणं सोडलं. गिरणी बंद, देऊळ बंद, भाजी दारावर येईल तेवढीच. महिन्याभरात ती अण्णांपेक्षा जास्त आजारी दिसायला लागली.

म्हणून पॅनल करायला घेतलं. चार बटणं — पाणी, संडास, दुखतंय, ये. दाबलं की दुकानात बेल वाजणार आणि कुठलं दाबलं त्याचा दिवा लागणार. खरं सांगायचं तर मला पॅनल यासाठीही हवं होतं, की बेल असली म्हणजे त्यांच्याजवळ बसावं लागत नाही.

सर्किट एका संध्याकाळचं काम. अडलं ते बटणांवर. अण्णांना नीट दिसत नाही, म्हणजे बटणं हाताला ओळखू यायला हवीत. एक थेंबासारखं, एक चौकोनी, एक त्रिकोणी, एक चंद्रकोरीचं. शिवाय बाजारातलं गोल सपाट बटण अण्णा दाबायचेच नाहीत. डावा अंगठा टेकवायचे, तो घसरायचा, की हात मागं. मला तो हट्टीपणा वाटला. आयुष्यभर कुणाचं ऐकलं नाही, आता बटणाचं काय ऐकणार?

बटणांसाठी मी जे हिंडलो त्यात या देशाच्या कारागिरीवरचा उरलासुरला विश्वास उडाला. सोलापुरातल्या दुकानदारानं पंख्याच्या रेग्युलेटरची खुंटी दाखवून हेच लावा म्हणून सांगितलं. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत चार नग म्हटल्यावर माणसं मोबाईलकडे बघायला लागतात. साचा करायचा तर हजार नग घ्या म्हणे. हजार अण्णा कुठून आणू? ऑनलाइन मागवलेली 'कस्टम' बटणं गोलच आली, नुसता रंग कस्टम. एका थ्रीडी प्रिंटरवाल्या महाभागानं दिलेली चंद्रकोर तर दुसऱ्या दाबाला तुटली.

अशात येरमाळ्याला हायवेवर एका ट्रकमधून माझा माल उतरवून घेत होतो. केबिनमध्ये चढताना सहज गिअरच्या दांड्यावर हात पडला. वरची मूठ लाल फायबरची, हातानं कोरलेली. काम सफाईदार होतं, पण माझ्या हातात ती काही केल्या बसेना. ड्रायव्हर म्हणाला, तुम्हाला कशी बसंल, ती माझ्या हाताची हाय. नळदुर्गच्या गफूरचाचांनी बनवलीय.

नळदुर्गला ढाब्यांच्या मागं चाचांचं पत्र्याचं शेड. एक जुनं लेथ, कानशी, आणि फळीवर ओळीनं डब्यांची झाकणं. प्रत्येक झाकणात वाळलेली कणीक आणि त्यात कुणाच्या तरी हाताचा ठसा. सांडगे वाळत घालावेत तशी मांडली होती. मी मिलिमीटरमध्ये काढलेलं ड्रॉइंग पुढं ठेवलं. चाचांनी ते नीट पाहिलं आणि त्यावर चहाचा ग्लास ठेवला.

"आकार कळला. हात कुठाय?"

मी म्हणालो, हात कशाला, सगळी मापं लिहिलीत.

"मापं बटनाची लिवलीत, साहेब. दाबणाराचं न्हाय लिवलं."

मग त्यांनी झाकणात कणीक थापली, काठावर खिळ्यानं 'कळंब' असं कोरलं आणि माझ्या हातात दिलं. जो रोज दाबणार त्याचा अंगठा चारदा उठवून आणा, दुसऱ्याचा चालत नाही, असं बजावलं.

कळंब तिथून शंभराच्या वर किलोमीटर. एका अडाणी म्हाताऱ्याच्या हट्टापायी मी कणीक घेऊन जाऊ आणि परत येऊ? आणि अंतराचं सोडा... ठसा घ्यायचा म्हणजे अण्णांचा हात हातात धरावा लागणार होता. तो मी शेवटचा कधी धरला होता तेही आठवत नव्हतं. मी शेजारच्या ढाब्यावर चहा घेतला आणि माझा स्वतःचा डावा अंगठा चारदा कणकेत दाबला. झाकणाचा फोटो काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकला — 'नळदुर्गची अत्याधुनिक डिझाइन फाइल.' सगळे पोट धरून हसले.

अर्ध्या तासात परत आलो म्हणून चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, वडील गाडीतच बसलेत, उतरता येत नाही. त्यांनी झाकण फळीवर ठेवलं आणि आठ दिवसांनी या म्हणाले.

आठ दिवसांनी गेलो. बटणं कागदाच्या पुडीत तयार होती. व्हर्नियर लावून मापं तपासली. चारही आकार तंतोतंत, खाली स्विचवर बसायची खाचसुद्धा बरोबर. पण वरचा खोलगट भाग एका अंगाला उतरता, आणि उतार संपतो तिथं बारीकसा उंचवटा. चारही बटणांवर तसंच. माझा अंगठा टेकवला तर सरळ घसरला. मी चाचांना नाही नाही ते बोललो. हे काय काम आहे, ट्रकवाल्यांना चालत असेल, वगैरे. त्यांनी शांतपणे झाकण पुढं केलं.

"जसा उठला तसाच कोरलाय."

कणकेतले चारही ठसे तिरके होते. मी म्हटलं, वाळताना कणीक आक्रसते एवढंही तुम्हाला ठाऊक नाही. चाचा म्हणाले, जन्म गेला कणीक मळण्यात, एका अंगानंच आक्रसलेली अजून बघितली नाही. मी पुडी आणि झाकण दोन्ही उचललं आणि निघालो.

घरी आल्यावर बटणं पॅनलला बसवली ती केवळ रागानं. आईला दाखवायचं होतं, की बघ, दोष माझ्या पॅनलचा नाही. पॅनल अण्णांच्या डाव्या हाताखाली ठेवलं. त्यांनी आकार चाचपले, चंद्रकोरीवर आले, अंगठा टेकवला... आणि तो बसला. घसरला नाही. टक् आवाज झाला आणि रिकाम्या दुकानात बेल वाजली.

अण्णांच्या डाव्या अंगठ्याचं टोक कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलेलं आहे. माझ्या जन्माच्याही आधी. तिरकं तुटलेलं, आणि नख एका बाजूला वाकडं उगवलेलं. तो अंगठा मी जन्मापासून बघत होतो, म्हणूनच कधी पाहिला नव्हता. सपाट बटणावर तो घसरायचा तो त्या उतारामुळं. त्यात हट्टीपणा कसलाच नव्हता.

मी झाकण आणलं. अण्णांचा हात धरला आणि अंगठा कणकेतल्या ठशावर ठेवला. बसला. दुसऱ्यात, तिसऱ्यात, चौथ्यात, सगळ्यांत बसला. वाकड्या नखाची खूणसुद्धा होती. तोच तो उंचवटा. मोबाईलमधला फोटो काढून पाहिला. तेच झाकण, तेच खिळ्यानं कोरलेलं 'कळंब', आणि त्यात चार गोल, धडधाकट ठसे. माझे. 

आई मागं उभी होती.

"कधी घेतलास रं ठसा? झोपेत हात धरलास व्हय त्येंचा?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी हो म्हणालो.

नंतर पुन्हा नळदुर्गला गेलो. चाचांचे दोन्ही हात निरखून पाहिले. दहाही बोटं शाबूत. असा अंगठा असलेलं कुणी दुसरं आलं होतं का, म्हणून विचारलं. त्यांनी कानस थांबवली.

"तुमचे वडील गाडीत हुते न्हवं?"

आणि पुन्हा कामाला लागले. 

फोटो आणि झाकण दोन्ही माझ्याकडे आहेत. कमेंटमध्ये 'योगायोग' लिहिणाऱ्यांनी आधी चार ठशांचा योगायोग समजावून सांगावा, आणि 'दैवी' लिहिणाऱ्यांनी तर लिहूच नये. मी सगळं करून पाहिलंय. कणीक उन्हात वाळवली, सावलीत वाळवली, फळीवर तिरकी ठेवून वाळवली. माझा अंगठा माझाच राहिला.

आई आता गिरणीवर जाते, देवळात जाते. आणि भेटेल त्याला सांगते, की माझ्या लेकानं बापाचा हात हातात धरून अंगठ्याचं माप घेतलं. लोक माझ्याकडे कौतुकानं बघतात. असलं काही घडलं नव्हतं हे चाचा सोडले तर दोघांनाच पक्कं माहीत आहे, मला आणि अण्णांना. रोज दुपारी चंद्रकोरीचा, म्हणजे 'ये'चा, दिवा लागतो. मी जातो. पाणी नको असतं, काहीच नको असतं. ते नुसते माझ्याकडे बघतात आणि मी त्यांचा हात धरून बसतो. पॅनलवर चारच बटणं आहेत. तू खोटं बोललास, असं सांगायला पाचवं बटण मी ठेवलेलं नाही.