अंगठ्याचा जांभळा ठिपका

कांदाभजी खाऊन मी हात न धुता प्रयोगाची काचपट्टी धरली, एवढंच माझं संशोधन. औरंगाबादेत आमच्या प्रयोगशाळेतली ताई सीताफळाच्या गरातलं स्टेरॉल, म्हणजे वनस्पतींतला एक मेदासारखा घटक, शोधत होती. पावडर थापलेल्या काचपट्टीवर अर्काचा थेंब टेकवायचा, पट्टी द्रावणात उभी करायची, द्रावण वर चढताना घटक वेगळे होतात. मग आम्ल फवारून तापवलं की स्टेरॉलचा जांभळा ठिपका दिसतो. त्या दिवशी तो चांगला ठसठशीत दिसला. प्रबंध मार्गी लागला म्हणून ताईनं पेढे वाटले. मीही दोन खाल्ले. मग शंका आली म्हणून कोऱ्या पट्टीवर तेलकट अंगठा दाबला, आम्ल फवारून ती तापवली, तर तिथंही तोच ठिपका! भजी तळतात त्या शेंगदाण्याच्या तेलातही स्टेरॉल असतं, हे मला तेव्हा कळलं. पण तोंड उघडवेना. प्रयोग पुन्हा करून पाहायला ताई महिनाभर दौलताबादची सीताफळं आणत राहिली आणि तसा ठिपका पुन्हा काही येईना. पापक्षालन म्हणून मी शेजारी बसून बिया काढू लागायचो. शेवटी एकदाचं सांगून टाकलं. तिचं उत्तर लिहितानाही कान गरम होतात: "चूक कुणाचीबी होती रे. पण महिनाभर माझ्याशेजारी बसून बिया काढल्यास, तवा जीभ काय गहाण ठिवली व्हती?"