मामाचं भाषण

एडना हार्डकासल चारशे संपकऱ्यांपुढे टेबलावर चढून बोलली होती. यॉर्कशायरमधल्या त्या खाणवस्तीत संपाचं अख्खं वर्ष खाणकामगारांच्या क्लबाच्या मुदपाकखान्यात तिनंच बटाटे सोलले होते, रस्सा ढवळला होता. आता त्याच क्लबात तिच्या थोरल्या लेकीच्या, बेव्हर्लीच्या लग्नाचं जेवण होतं, आणि तिथं मात्र तिनं तोंड उघडायचं नव्हतं.

रीत अशी, की पहिलं भाषण मुलीच्या बापाचं, मग नवरदेवाचं, शेवटी नवरदेवाच्या दोस्ताचं. बेव्हर्लीच्या बापाला खाणीनं अकरा वर्षांपूर्वीच गिळलं होतं.

"मग मामा बोलतो, ताई," एडनाचा धाकटा भाऊ क्लिफर्ड म्हणाला. "आई कधी बोलते का?"

"वाढवली कोणी? मामानं?"

"चिडतेस कशाला? तूच लिहून दे. मी वाचतो."

एडनाचं डोकं तडकलं. पण मुलीनं डोळ्यांत पाणी आणलं, "आई, आज तरी भांडू नकोस गं." एडनानं दात आवळून दोन पानं लिहिली.

लग्नाच्या दिवशी क्लिफर्ड उठला आणि घसा खाकरत पहिलं पान वाचू लागला. बेव्हर्लीचं बाळपण, दुधाचे दात, पडणं-धडपडणं. दुसऱ्या पानावर संप होता. शाळेतून आली की एप्रन बांधून पोरगी आईशेजारी चारशे ताटं कशी वाढायची, ते होतं. क्लिफर्डनं पान उलटलं, नजर फिरवली, घडी घालून खिशात टाकलं आणि पेला उचलला.

"क्लिफ, दुसरं पान राहिलं!"

"लग्नात राजकारण नको, ताई."

"राजकारण? माझी पोरगी आहे ती!"

क्लबाच्या अध्यक्षानं टेबलावर हातोडी आपटली. "बाई, आता नवरदेवाची पाळी."

"त्याला उभा जन्म पडलाय बोलायला!" एडनानं भावाच्या खिशातून कागद उपसला आणि उभ्यानं, एकही शब्द न गाळता वाचला. संपात उपाशी राहिलेले बाप्ये माना खाली घालून ऐकत होते. बेव्हर्ली रडत होती, हसतही होती. टाळ्या झाल्या, जोरात झाल्या.

मग केक कापला. बिअरचे पेले भरले गेले. अध्यक्षानं क्लिफर्डच्या पाठीवर थाप मारली. "झकास लिहिलंस रे गड्या! बहिणीनं वाचलंही बरं."

"हं," क्लिफर्ड म्हणाला. "जमलं आपलं."

एडना दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली.

"धाकटीच्या लग्नाला," ती म्हणाली, "मामानं नुसतं जेवायला यावं."