हाकेची पाळी

विजेचा भाव दर पंधरा मिनिटांनी बदलतो, हे आमच्या गावात सांगितलं तर लोक मला वेड्यात काढतील. म्हणतील, लेका, वीज आहे का वांगी? पण बदलतो. पुण्यात माझ्या टेबलावरच्या स्क्रीनवर तो दिवसभर वरखाली होत असतो, आणि त्याच्याकडे डोळे लावून बसायचा मला पगार मिळतो. दुपारी ऊन कडक, सोलारची वीज मुबलक, तेव्हा भाव मातीमोल. संध्याकाळी सूर्य बुडाला, घराघरांत दिवे, पंखे, एसी लागले की तोच भाव झाडावर चढून बसतो. वीज एकूण कमी पडते असं नाही. ती सगळ्यांना एकदम हवी असते, तिथं घोडं पेंड खातं.

नवीन आलेली पोरं हेच मोठमोठ्या शब्दांत मला समजावून सांगतात तेव्हा हसू येतं, आणि खरं सांगतो, रागही येतो. अरे बाबांनो, हे मी जळगाव जामोदच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका कडुनिंबाखाली शिकलो. माझ्या मोठ्या आईकडून, म्हणजे सख्ख्या चुलतीकडून. आणि जिच्याकडून शिकलो, तिलाच मी सगळ्या गावासमोर खोटं पाडलं. त्याबद्दलच लिहायचं आहे.

आमच्या शिवारात अकरा विहिरी होत्या आणि त्या अकरांना मिळून एक डीपी, म्हणजे खांबावर चढवलेला ट्रान्सफॉर्मर. तो जेमतेम आठ मोटारी ओढायचा. डीपीला लागून मोठ्या आईचं शेत. मोठे बाबा फार लवकर गेले, तेव्हापासून शेत तीच बघायची. बांधावरच्या कडुनिंबाला तिनं तीन बल्ब टांगले होते, तीन फेजचे तीन. तिन्ही पेटले की समजायचं, लाइट आली. मग ती आपली मोटर चालू करायची, पाणी दांडात, म्हणजे शेतातल्या पाटात, पडलं की बांधावर उभी राहायची आणि शेजारच्या विहिरीकडे तोंड करून हाक द्यायची, "घ्या होऽऽ!" शेजारचा मोटर चालू करायचा. त्याचं पाणी पडलं की तो पुढच्याला हाक द्यायचा. असं करत हाक आठव्या विहिरीपर्यंत जायची आणि थांबायची. उरलेल्या तिघांची त्या दिवशी सुट्टी. उद्या दुसऱ्या तिघांची. कोणत्या दिवशी कोणते तीन, हे मोठ्या आईच्या डोक्यात असायचं. तिला लिहिता येत नव्हतं.

हे काम तिच्याकडेच का, असं मी एकदा वडिलांना विचारलं होतं. ते म्हणाले, "ते सगळ्याइशी सारखीच भांडते म्हणून." पुढे मी वीजदरांच्या कितीतरी सुनावण्यांना बसलो, मोठमोठे साहेब पाहिले. याहून चांगली पात्रता मला आजवर कुणाची दिसली नाही.

ती हाक अजून कानात आहे. कुणाचा आवाज फाटका, कुणाचा बायकी, एक जण हाक देऊन झाली की हटकून खोकायचा. हाकेसोबत बाकीची खबरबातही फिरायची. कुणाच्या म्हशीला रेडकू झालं, कुणाकडे पाहुणे आले, "दोन भाकरी जास्त पाठवजा वंऽऽ!" एखाद्या विहिरीवरून हाक पुढे गेली नाही, की शेजारचा काम टाकून बघायला जायचा, की बुवा, पडला-बिडला का काय. आठ मोटारी चालू व्हायला दहा-बारा मिनिटं लागायची. मला ती वाया गेलेली वाटायची.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घराण्यातला पहिलाच. दोन पुस्तकं वाचली नाहीत तर डोक्यात हवा! उन्हाळ्याच्या सुट्टीआधी अकोल्याच्या भंगारातून कॉन्टॅक्टर, म्हणजे आपोआप जोडले जाणारे मोठे स्विच, आणले आणि एप्रिलमध्ये घरी येऊन अकराच्या अकरा मोटारींना ऑटो बसवून दिले. लाइट आली की मोटर आपोआप चालू. बांधावर उभं राहायला नको, घसा फोडायला नको. लोक खूश. जो तो म्हणे, "पोट्टं हुशार निंघालं बाप्पा!" माझी छाती दोन इंच फुगली.

मोठी आई तेवढी खूश नव्हती. तिच्या मोटरला ऑटो लावत होतो तेव्हा म्हणाली, "अन् एकमेकाइले समजन कसं, कोणाची उठली अन् कोणाची नाही?"

"समजायची गरजच काय आहे?" मी म्हणालो.

"गरज नाही?"

"नाही."

तिनं मान हलवली आणि विळा घेऊन गवताकडे गेली. पाळी मात्र तिनं सोडली नाही. रोज संध्याकाळी तीन घरी जाऊन सांगून यायची, उद्या तुमचा ऑटो बंद ठेवा.

पाचव्या की सहाव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास लाइट आली. मी कडुनिंबाखालीच होतो. तीन बल्ब पेटले आणि लगेच लालसर, मलूल झाले. डीपीतून म्हशीनं हंबरावं तसा आवाज आला. मग धडाम! काळा धूर, जळक्या तेलाचा वास. खरं तर अशा वेळी फ्यूज उडायला हवा. पण सारखा उडतो म्हणून त्यात बोटाएवढ्या जाडीची तार पिळून घालणारं आमचं गाव! फ्यूज शाबूत राहिला आणि डीपी जळाली.

तासाभरात सगळे झाडाखाली जमले. संत्र्याला आंबिया बहार धरलेला, फळं गोटीएवढी झालेली, आणि एप्रिलचं ऊन. पाणी तुटलं तर काय होणार, हे कुणाला सांगायची गरज नव्हती. एकानं विचारलं, "काय झालं बे, इंजिनियर?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वडीलही. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "ओव्हरलोड झालाय. आठच्या जागी अकरा चालू झाल्या असतील."

माझ्याकडच्या माना एकदम मोठ्या आईकडे वळल्या.

"आठच होत्या," ती म्हणाली. "तिघाइले मी काल सांगून आलती." त्या तिघांपैकी दोघं नेमके त्या सकाळी गावाला गेलेले, आणि परतल्यावर त्यांना कुणी विचारलंही नाही. तिसरा, ज्याची विहीर नाल्याकाठी होती तो, म्हणाला, "मले आठवत नाही बुवा, बंद होती का चालू." ती पुन्हा म्हणाली, "आठच होत्या. पण सगळ्या एकदम उठल्या. हाकेनं उठत होत्या तवा कधी जळली का डीपी?" तिचं कोण ऐकतो! शिकलेल्या पोरानं कारण सांगितलं होतं.

नवी डीपी यायला अठरा दिवस लागले. ऑटो दिसले तर वीज मंडळवाले डीपी देणार नाहीत, म्हणून लोकांनी पहिल्याच दिवशी ते काढून लपवले. गोटीएवढी हिरवी फळं झाडाखाली सडा पडावा तशी पडली. मोठ्या आईच्या बागेचा तो पहिलाच बहार होता. पाच वर्षं तिनं झाडं जपली होती. ती झाडाखाली बसून फळं ओट्यात गोळा करायची आणि बांधावर नेऊन टाकायची. मी हे पाहिलंय. तेव्हा मला तिची कीव आली होती, कारण माझा खरोखर समज होता की चूक तिचीच.

पाळी तिच्याकडून काढून घेतली. एका गड्याला वही घेऊन दिली. त्यानं दोन महिने लिहिलं आणि पुढे ज्याच्या मनाला येईल तो मोटर चालू करायला लागला. हाक पुन्हा फिरली नाही. लग्नाकार्यात बायका मोठ्या आईला चिमटे काढायच्या, "हिच्याजोळ चुलीची पाळी देऊ नका वं, जाळून टाकन!" पूर्वीची ती असती तर एकेकीच्या झिंज्या धरल्या असत्या. पण ती भांडायचीच बंद झाली.

पावसाळ्यात कॉलेज सुरू झालं. मशीन लॅबचा दुसरा का तिसरा तास. सरांनी मोटर चालू केली आणि म्हणाले, मीटरकडे बघा. काटा उडी मारून थेट वर गेला आणि मग हळूहळू खाली येऊन स्थिर झाला. मोटर उठताना पाच-सहा पट करंट ओढते, म्हणाले. बाकीच्यांनी वहीत लिहून घेतलं. मी शेवटच्या पानावर आमच्या शिवारातल्या मोटारी मांडल्या.

आठ मोटारी एकदम उठल्या म्हणजे त्या घडीला डीपीच्या दृष्टीनं चाळीस मोटारी. चार-पाच दिवस डीपीनं ते कसंबसं सोसलं; त्या दिवशी विजेचा दाब इतका पडला की एकही धड उठेना, सगळ्या तशाच करंट ओढत राहिल्या. अकराची गरजच नव्हती. तिनं पाळी बरोबर दिली होती. एक उठून स्थिर झाली, पाणी दांडात पडलं, की मग दुसरी. त्या दहा-बारा मिनिटांतच डीपीचा जीव होता आणि मी तीच वाचवायला गेलो. माझा एकेक ऑटो निर्दोष होता. आठ निर्दोष ऑटो मिळून शिवार बसलं, कारण मी एका मोटरचा विचार केला, आठांचा एकदम केलाच नाही. आज विजेच्या बाजारात हीच चूक करणारे कितीतरी हुशार लोक मला रोज दिसतात.

दिवाळीला सांगायचं ठरवून घरी गेलो. मोठ्या आईनं पुढ्यात करंज्या ठेवल्या. अंगणात चार लोक बसले होते, त्यातला एक म्हणाला, "या इंजिनियरसाहेब!" आणि मी सांगायचं सोडून करंजी तोंडात घातली. भीती नव्हती, लाज होती. एवढ्या लवकर साहेबाचा पुन्हा पोट्टा व्हायचं नव्हतं मला. पुढच्या वर्षी सांगू म्हटलं. मग नोकरी, लग्न, बदल्या. तीस वर्षं झाली.

गेल्या महिन्यात गेलो होतो. नांदुऱ्याला उतरून जळगाव जामोदची एसटी धरली. मोठी आई आता ऐंशीच्या पुढे आहे, पण रोज शेतात येऊन बसते. तिच्या विहिरीवर सोलार पंप आलाय. अकराच्या अकरांवर आलाय. ऊन तापलं की ज्याची त्याची मोटर गुपचूप सुरू होते. डीपी नको, पाळी नको, कुणाशी बोलायचं कारणच उरलं नाही. इंजिनिअर म्हणून विचाराल तर उत्तम व्यवस्था आहे. पण मी त्या बांधावर अर्धा तास उभा होतो आणि सगळ्या शिवारात माणसाचा आवाज नव्हता. मला गलबलून आलं. तिच्याजवळ जाऊन बसलो आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. मीटरचा काटा, पाच पट, चाळीस मोटारी, सगळं.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे तू मले काऊन सांगून राह्यला?"

"म्हणजे?"

"मले तं तवाच माहीत होतं. एकदम उठल्यानं जळली, हे समजाले शाळा लागते का बे?" ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "दिवाळीले तुह्या तोंडावर दिसलं मले, का याले बी समजलं. म्हटलं सांगन. पोट्टं आपलंच हाये, सांगन. दरसाल वाट पाह्यली."

मी तिचे पाय धरले. तिनं झटकले. "पाय काय धरतं? ज्याइच्यासमोर बोलला होता, त्याइच्यासमोर बोल. अकरातले चार जित्ते हायेत. बाकीच्याइले आता कुठी जाऊन सांगशीन?" आणि चपला घालून निघालीसुद्धा. मी मुकाट्यानं मागे.

पहिलं घर नाल्याकाठच्या विहिरीवाल्याचं लागलं. ओसरीत खाटेवर पडून होता, नव्वदीला टेकलेला. मी बोलायला लागलो तर म्हणाला, ऐकू येत नाही, मोठ्यानं बोल. मग ओरडून सांगितलं. गल्लीतले चार लोक दारात येऊन उभे राहिले. त्यांच्यादेखत सांगितलं, की चूक माझी होती, मोठ्या आईची नव्हती, त्या दिवशी आठच मोटारी होत्या.

म्हातारा कोपरावर रेलून उठला. मग म्हणाला, "हाव, आठच होत्या. माही बंद होती. मीनंच बंद केलती, माह्या हातानं."

"मग तेव्हा बोलले का नाही?"

"तू म्हणला ना, अकरा होत्या. इंजिनियर म्हणते तं चालूच असन, मले वाटलं. मलेच भुलल्यासारखं झालं असन."

मोठी आई पायरीशी उभी होती. तीस वर्षं खालमानेनं ऐकून घेणारी ती बाई तिथंच पायरीवर बसली, पदर तोंडाला लावला आणि हमसून हमसून रडली. उरलेल्या तीन घरी त्या दिवशी आम्हाला जाता आलं नाही.