गौरी चुकवून कुरुंद्याला

पुण्याहून गाडी हलली तेव्हा समोरच्या बाकावरच्या बाईंनी विचारलं, "माहेरी का?"

भाद्रपदात, गौरी येण्याच्या तोंडावर, पन्नाशी उलटलेली बाई एकटी बॅग घेऊन निघाली म्हणजे ती माहेरी तरी जात असणार किंवा कोणाच्या तरी आजारपणाला. मी म्हटलं, "फिरायला." त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि आपला डबा उघडला.

खरं म्हणजे मी पळून चालले होते. लग्न होऊन आले त्या वर्षापासून आमच्या घरच्या गौरी मी केल्या. सासूबाई आमच्याकडे राहत म्हणून पितळी मुखवटेही आमच्याकडे. पुरण वाटायचं, सोळा भाज्या निवडायच्या, माणसांच्या पंगती उठवायच्या आणि तिसऱ्या दिवशी पाठ धरून झोपायचं, असा आमचा सण. यंदा मुलानं परस्पर पुरणपोळ्यांची ऑर्डर दिली. "आई, अर्ध्या दिवसात उरकू," म्हणाला. हे माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या, म्हणजे सुधाताईंच्या, कानावर गेलं. "विकतचं पुरण देवीला दाखवायचं असेल तर मुखवटे माझ्याकडे द्या," त्या म्हणाल्या. मला दोघांचाही राग आला. एकाला सण उरकायचा होता, दुसरीला तो काटेकोर हवा होता, आणि पोळपाटासमोर उभं राहणारी मी काय म्हणते हे कोणीच विचारलं नाही. मी मुखवटे कापडात गुंडाळून यांच्या हाती दिले आणि म्हटलं, पोचवा.

निघताना ताईंचा फोन आला. "देवीचे मुखवटे सारखे इकडून तिकडे करायचे नसतात. कायमचे ठेवू की परत आणू, ते विसर्जनाच्या दिवशी सांग." "बघू," म्हणून मी फोन ठेवला. हे आणि मुलगा-सून सुधाताईंकडेच जेवायला जाणार होते, आणि मी हिंगोलीला. हिंगोलीच का? तर तिथे आमचं ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही म्हणून.

सकाळी हिंगोलीला उतरले आणि माझ्या हुशारीचं हसू आलं. मी गौरी चुकवायला आले होते ती नेमकी त्यांच्याच मुलखात. इकडे त्यांना महालक्ष्म्या म्हणतात, आणि गणपतीपेक्षा त्यांचाच थाट मोठा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मुखवटे, बांगड्या, आघाडा-दुर्वांच्या जुड्या. भाजीवाल्या सोळा भाज्यांचा एकत्र वाटा करून विकत होत्या, दोन भेंड्या, एक कारलं, पडवळाचा तुकडा, अशी ती गंमत. एवढी वर्षं मी मंडईत सोळा ठिकाणी फिरले ते आठवून मला स्वतःचीच कीव आली.

लॉजच्या मॅनेजरनं किल्ली देतानाच सांगून टाकलं, "मॅडम, उद्यापासून आपली मेस बंद राहील. लक्ष्म्या हाईत घरी."

"मग जेवायचं कुठे?"

"तेच तर," तो विचारात पडला. "लक्ष्म्यांत कोण भाईर जेवतंय?"

दुपारी एसटीनं नरसी नामदेवला गेले. संत नामदेवांचं हे जन्मगाव. देवळात गर्दी नव्हती, फरशी पावसानं गार पडलेली, कोणी एकजण हलक्या आवाजात अभंग म्हणत होता. कयाधू नदी गढूळ होऊन वाहत होती. बाहेर प्रसादाच्या दुकानात एक बाई पेढ्यांवरच्या माश्या वारत बसल्या होत्या. पेढे बांधता बांधता म्हणाल्या, "एकल्याच आल्या? घरी लक्ष्म्या न्हाईत का तुमच्या?"

"आमच्यात नसतात," मी म्हटलं.

तोंडातून कसं निघून गेलं कोण जाणे. परतीच्या बसमध्ये ते वाक्य मला सारखं टोचत राहिलं. गौरींवर रागावणं वेगळं आणि त्या आपल्या नाहीतच म्हणणं वेगळं. त्या दिवशी पेढे गोड लागले नाहीत.

दुसरा दिवस आवाहनाचा. लॉजवर बसून करायचं काय, म्हणून वसमतच्या अंगाची बस धरून कुरुंद्याला गेले. आपल्या डब्यातली हळद येते ती याच भागातून, तेव्हा निदान तिचं शेत तरी पाहावं. गाव मोठं आहे. स्टँडवरून एक गाडीवाट शेतात शिरते, तिनं चालत निघाले. दोन्हीकडे कमरेएवढी हळद, केळीच्या पिल्लासारखी रुंद पानं, आणि पानं बाजूला सारली की बुडाशी फिकट फुलांचे तुरे. हळदीला फूल येतं हे मला या वयात कळलं. खाली काळी माती, वर भादव्याचं ऊन. तासाभरात बाटलीतलं पाणी संपलं.

शेताच्या टोकाला एक आखाडा (शेतातलं घर) दिसला. पुढे दोन गायी, पत्र्याची पडवी, मागे नवी स्लॅबची खोली. पडवीतल्या बाजेवर एक म्हातारेसे गृहस्थ पाठ करून बसले होते. मी "पाणी मिळेल का?" असं विचारत तरातरा पुढे गेले आणि थेट उंबऱ्यापाशी थांबले.

आतून एक बाई आल्या. माझ्याच वयाच्या, नऊवारी, कपाळ भरून कुंकू. त्या माझ्याकडे न पाहता माझ्या पायांकडे पाहत होत्या. मी मागे वळून पाहिलं. तुळशीपासून दारापर्यंत हळदीकुंकवाची पावलं काढलेली होती आणि त्यांवरून माझ्या चिखलाच्या चपला उमटत आल्या होत्या. लक्ष्मीची पावलं पुसून मी दारात उभी होते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी चपला काढल्या, माफी मागितली, पुन्हा मागितली.

"पाणी प्या आधी," बाई म्हणाल्या. तांब्या देऊन झाल्यावर विचारलं, "पावलं काढता येतात का तुमाला?"

"येतात."

"मंग काढा. तुमी पुसली, तुमीच काढा. मला पुरण बघायचं हाय."

त्यांनी अंगण सारवून दिलं. मी उकिडवी बसले. मुठीची कड ओल्या कुंकवात बुडवून टेकवायची आणि वर बोटांची टोकं. एवढ्या वर्षांचा हात, विचारावं लागलं नाही. पावलं पुरी होईपर्यंत आमची ओळख झाली. त्यांचं नाव कौसल्याबाई, बाजेवरचे त्यांचे मालक माधवराव. दोन्ही मुलं पुण्याकडे कंपनीत, यंदा सुट्टी मिळाली नाही.

"तुमी कुठल्या?"

"पुण्याच्या."

"बघा," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "माझी पोरं पुण्याला गेली अन् पुण्याची बाई माझ्या दारात आली."

माधवराव वळले नाहीत. "मी सांगून राहिलो यंदा राहू दे म्हणून," ते मला उद्देशून बोलले. "लेकरं न्हाईत, सुना न्हाईत. कुणासाठी करून राहिली हे सारं? ऐकतच न्हाई."

"तुमाला काय तकलीफ हाय? तुमी बाजेवर बसा," कौसल्याबाई म्हणाल्या. मग आवाज उतरवून मला म्हणाल्या, "एक अडचण हाय, ताई. आणणारी मी. पण घरात उभं राहून विचारायचं कुणी? दरसाल मोठी सून विचारती. गावातल्या बाया आपापल्या घरी गुंतल्या, समद्यांची एकच येळ. भिंतीला विचारायला लावू का?"

गौरी ज्यांच्या घरी येतात त्यांना हे माहीत असतं. एकीनं मुखवटे घेऊन पावलांवरून आत यायचं, दुसरीनं आतून विचारायचं, कोण आलं, कशानं आलं. मग प्रत्येक खोलीत नेऊन दाखवायचं की या घरात काय काय आहे. एकट्या बाईला गौरी आणताच येत नाही. आमच्याकडे मी आणायची आणि सुधाताई विचारायच्या. त्या दिवशी भल्या सकाळी त्या रिक्षा करून यायच्या, खणखणीत आवाजात विचारायच्या आणि मग दिवसभर माझ्या पुरणात खोड्या काढत बसायच्या. मला त्या खोड्याच तेवढ्या लक्षात राहिल्या होत्या.

मी हातपाय धुतले आणि उंबऱ्याच्या आत जाऊन उभी राहिले.

कौसल्याबाई तुळशीपासून निघाल्या. सुपात दोन मुखवटे, डोक्यावर पदर. मी विचारलं, "कोण आलं?"

"लक्ष्मी आली."

"कशाच्या पावलांनी आली?"

आमच्याकडे सोन्याच्या म्हणतात. कौसल्याबाई म्हणाल्या, "हळदीच्या पावलांनी आली."

चुलीपाशी आलो. "इथं काय आहे?" "अन्न हाय." कोठीत, जिथे गेल्या हंगामातली हळद पोत्यांत भरून ठेवली होती आणि वासानं शिंका येत होत्या, तिथे विचारलं. "पिवळं सोनं हाय." मागच्या दारी वासरू होतं. "दूधदुभतं हाय." मग त्या स्लॅबच्या खोलीपाशी आलो. कौसल्याबाईंनी कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं. आत दोन पलंग, गाद्या गुंडाळलेल्या, खिळ्याला एका लहान मुलाची टोपी. महिनोन्महिने बंद असलेल्या खोलीचा वास.

मी विचारलं, "इथं काय आहे?"

त्या खिळ्यावरच्या टोपीकडे पाहत राहिल्या. मला काय करावं सुचेना. पुन्हा विचारायचं नसतं आणि उत्तर घेतल्याशिवाय पुढे जायचं नसतं.

मागून माधवरावांचा आवाज आला. ते कधी उठून अनवाणी आत आले होते कोण जाणे. चौकटीला हात धरून उभे होते. म्हणाले, "लेकरं हाईत."

कौसल्याबाईंनी मान हलवली. "व्हय. लेकरं हाईत," त्या म्हणाल्या. मला रडू आवरलं नाही आणि मी ते आवरण्याचा प्रयत्नही केला नाही.

लक्ष्म्या स्थानापन्न झाल्या. साडी नेसवताना निऱ्या मी धरल्या. कौसल्याबाईंनी बजावलं, "उद्या जेवायला यावं लागंल बराबर. विचारणारीला उपाशी धाडीत न्हाईत." मी त्यांना नरसीच्या पेढेवालीला काय थाप मारली ते सांगून टाकलं, आणि घरून कशी निघाले तेही. त्या निऱ्या दाबत ऐकत होत्या. "मंग तिकडं कोण विचारतंय आज?" एवढंच म्हणाल्या.

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवायला गेले. पुरणपोळ्या मोजक्या, आंबील, कढी, वडे, आणि सोळा भाज्या एकाच पातेल्यात. उरकलेलं काही नव्हतं आणि काटेकोरही नव्हतं. दोन माणसांना झेपेल एवढा सण होता. माझ्या पानात माधवरावांनी तूप वाढलं आणि हात आडवा केला तरी थांबले नाहीत. "काहून लाजता? घरच्याच हाव तुमी." मी माझ्या फोनवर लक्ष्म्यांचा फोटो काढून त्यांच्या मोठ्या मुलाला पाठवला. थोड्या वेळानं त्याचा निरोप आला, "आईनं माझी खोली दाखवली का त्यांना?" मी वाचून दाखवलं. कौसल्याबाई म्हणाल्या, "लिहा, तुझ्या बापानं दाखवली." माधवराव हात धुवायला बाहेर गेले ते बराच वेळ आले नाहीत.

विसर्जनाच्या दिवशी हिंगोली स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसले होते तेव्हा सुधाताईंचा फोन आला. इकडची तिकडची चौकशी नाही, सरळ मुद्दा. "काय ठरवलंस मुखवट्यांचं?"

मी म्हटलं, "ताई, परवा तुमच्या दारात विचारलं कोणी?"



"कोण विचारणार? सुनेला ऑफिस होतं," ताई म्हणाल्या. "मीच मुखवटे घेऊन बाहेर उभी राहिले आणि मीच विचारलं. मीच उत्तर दिलं. शेजारचे बघत होते." मग म्हणाल्या, "पुरणही बिघडलं. तू इतकी वर्षं कसं निभावलंस गं?"

हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं थांबले होते ते मला तिथे फलाटावर कळलं. आणि ऐकल्यावर जिंकल्यासारखं काहीच वाटलं नाही. मुखवटे घेऊन स्वतःलाच विचारणाऱ्या सुधाताई तेवढ्या डोळ्यांसमोर आल्या.

"मुखवटे तुमच्याकडेच राहू देत," मी म्हटलं. "कायमचे. पुढच्या वर्षीपासून विचारायला मी येईन. पोळ्या मात्र लाटणार नाही."

गाडीची घोषणा झाली. मला वाटलं, आता रीतीभाती ऐकाव्या लागणार. ताईंनी नाक ओढल्याचा आवाज आला.

"पोळ्यांचं काय एवढं," त्या म्हणाल्या. "त्या विकत आणू. तू वेळेवर ये."